पत्र, दूरध्वनी, पडदा : दुरून दिलेल्या मानसिक आधाराचा इतिहास

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरीवर पाणी सोडले होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मासिकाचे एक अंग मात्र फारसे चर्चेत येत नाही. ते म्हणजे वाचकांची पत्रे आणि कर्व्यांनी त्यांना दिलेली उत्तरे. ज्या शंका घरात किंवा शाळेत विचारण्याची सोय नव्हती आणि डॉक्टरांसमोरही ज्या तोंडातून बाहेर पडत नसत, त्या लोक कर्व्यांना पत्रातून विचारीत. आपल्या शरीरात काही बिघाड आहे, आपल्या हातून काही पाप घडले आहे, अशा भीतीने ग्रासलेल्या माणसाला कर्वे शास्त्रीय माहितीच्या आधारे, चार ओळींत आणि न रागावता उत्तर देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्व्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू राहिले.

कर्वे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते आणि या पत्रव्यवहाराला त्यांनी समुपदेशन म्हटलेले नाही. तरीही आज विद्यापीठांत ज्याला 'ऑनलाइन समुपदेशन' म्हणतात, त्याची मुळे शोधताना या पत्रांपाशी थांबावेच लागते. दुरून मानसिक आधार देण्याची कल्पना २०२० सालच्या करोना साथीत जन्मली, असा एक समज आहे. तो खरा नाही. टपाल, दूरध्वनी, दूरचित्रवाणी, संगणक अशा प्रत्येक साधनाच्या मागोमाग ही कल्पना पुन्हा पुन्हा वर आली आहे. साधन बदलले तरी तिच्यासमोरचे प्रश्न फारसे बदलले नाहीत. विचारणारा समोर का येत नाही? ऐकणारा कोण आहे? आणि प्रसंग बिकट झाला तर जबाबदारी कोणाची? हे तीन प्रश्न मनात ठेवून हा इतिहास पाहू.

टपालातून उपचार

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९०९ साली एका पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलाला घोड्यांची इतकी भीती वाटे की तो रस्त्यावर जायला तयार नसे. ही हकीकत मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत 'छोटा हान्स' या नावाने ओळखली जाते. गमतीची गोष्ट अशी की, या उपचाराच्या काळात फ्रॉइड मुलाला फक्त एकदाच भेटला. बाकीचा सर्व उपचार मुलाच्या वडिलांमार्फत झाला. वडील मुलाच्या बोलण्याची टिपणे फ्रॉइडला पाठवीत आणि फ्रॉइड त्यांना पुढचे मार्गदर्शन करी. फ्रॉइडने लावलेला अर्थ आज बहुतेक मानसशास्त्रज्ञांना मान्य नाही. परंतु समोरासमोर बसूनच उपचार होऊ शकतो, हा नियम मनोविश्लेषणाच्या अगदी आरंभी खुद्द फ्रॉइडनेच मोडला होता, एवढे यातून दिसते.

पत्राची एक अडचण उघड आहे. ते वेळ घेते. ज्याला आजची रात्र काढणे कठीण झाले आहे, त्याला पुढच्या अंकातील उत्तराचा काय उपयोग? ही अडचण दूर करू शकेल असे साधन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य शहरांत पोहोचले होते.

मॅन ९०००

१९३५ साली इंग्लंडमधील लिंकन या गावी चॅड वाराह या तरुण धर्मोपदेशकाला आयुष्यातील पहिला अंत्यविधी करावा लागला. तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. तिला पहिली मासिक पाळी आली आणि आपल्याला गुप्तरोग झाला आहे अशी तिची समजूत झाली. विचारायला कोणी नव्हते. तिने आत्महत्या केली. या घटनेने वाराह हादरले. पुढे त्यांनी आयुष्यभर लैंगिक शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्याच सुमारास मुंबईत कर्व्यांची पत्रपेटी का भरून वाहत असावी, याचे उत्तर लिंकनच्या त्या घटनेत आहे. दोन्हीकडे अज्ञान होते, आणि अज्ञानाहूनही अधिक लाज होती.

लंडनमध्ये त्या काळी दररोज सरासरी तीन आत्महत्या होत आहेत, हे वाराह यांच्या वाचनात आले. आगीसाठी आणि चोरीसाठी ९९९ हा क्रमांक आहे, मग जीव नकोसा झालेल्या माणसाने कोणता क्रमांक फिरवावा, असा विचार त्यांच्या मनात आला. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यांनी अशी सेवा सुरू केली. क्रमांक होता मॅन्शन हाउस ९०००, म्हणजे 'मॅन ९०००'. महिनाभरातच एका वृत्तपत्राने तिला 'सॅमॅरिटन' हे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

यानंतर जे घडले ते अपेक्षेबाहेरचे होते. वाराह यांना भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी आणि दूरध्वनी घेण्यासाठी काही स्वयंसेवक येऊन बसू लागले. काही दिवसांतच वाराह यांच्या लक्षात आले की, या साध्या माणसांशी बोलून पुष्कळजण मोकळे होत आहेत आणि आपल्याला न भेटताच परत जात आहेत. वाराह यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याचा अहंकार दुखावला असता. वाराह यांनी मात्र हे निरीक्षण म्हणून मानले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही, धर्म सांगायचा नाही आणि ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, ही या कामाची पथ्ये ठरली. ज्यांना वैद्यकीय उपचारांची गरज दिसेल त्यांना तज्ज्ञाकडे पाठवायचे, ही मर्यादाही पाळली गेली.

निनावीपणाला त्या काळी आणखी एक कारण होते. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा १९६१ पर्यंत गुन्हा होता. ज्याने असा प्रयत्न केला होता तो माणूस दूरध्वनीवर बोलू लागला की एक प्रकारे गुन्ह्याची कबुलीच देत असे. नाव विचारणारी कोणतीही व्यवस्था अशा माणसाच्या उपयोगाची नव्हती. आपल्याकडे हीच स्थिती कितीतरी अधिक काळ होती. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ इंग्रजी अमलापासून चालत आलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याची धार बोथट केली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे त्या कायद्याने सांगितले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम गेले.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी

१९५८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी आत्महत्या प्रतिबंध केंद्र उघडले. दूरध्वनीवर येणारी हाक किती गंभीर आहे हे कसे ओळखावे, कोणते प्रश्न विचारावेत, याचा पद्धतशीर अभ्यास तेथे सुरू झाला. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, अशी भीती लोकांना असते. नंतरच्या अभ्यासांत तिला आधार मिळालेला नाही. उलट, कोणीतरी स्पष्ट विचारले याने बोलणाऱ्याला हायसे वाटते, असाच अनुभव आहे. शिक्षकांनी ही एक गोष्ट तरी अवश्य ध्यानात ठेवावी.

विद्यापीठांच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल १९७० साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात पडले. तेथे 'नाइटलाइन' नावाची सेवा सुरू झाली. ही सेवा रात्री चाले आणि दूरध्वनीवर ऐकणारे स्वतः विद्यार्थीच असत. त्यांना प्रशिक्षण दिलेले असे. पथ्ये सॅमॅरिटनसारखीच, म्हणजे नाव विचारायचे नाही आणि सल्ला लादायचा नाही, ही होती. पुढे ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला.

यामागचा विचार सरळ आहे. घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाचा दिवस तास, प्रयोगशाळा, खानावळ यांत निघून जातो. मन खायला उठते ते रात्री. त्या वेळी विद्यापीठाचे सल्लागार घरी गेलेले असतात, प्राध्यापकांना उठवणे प्रशस्त वाटत नाही आणि आईवडिलांना कळवायचे तर ते घाबरतील ही धास्ती असते. अशा वेळी आपल्याच वयाचा, परीक्षा आणि एकटेपणा दोन्ही ओळखणारा कोणी तरी पलीकडे आहे, ही गोष्ट मोलाची ठरते.

पत्रावर झालेला प्रयोग

इथपर्यंतचा इतिहास सद्भावनेचा आहे. परंतु सद्भावनेने उपयोग होतो की नाही, हे कसे ठरवायचे? ज्याने दूरध्वनी केला तो बरा झाला, यावरून दूरध्वनीमुळे बरा झाला असे सिद्ध होत नाही. कदाचित तो तसाही सावरला असता. यासाठी तुलना लागते.

अशी तुलना सॅन फ्रान्सिस्कोमधील मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी केली. नैराश्य किंवा आत्महत्येचा विचार यांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी पुढील उपचार नाकारले किंवा सोडले, असे ८४३ जण त्यांनी निवडले. मग नाणे उडवून ठरवावे तसे, निव्वळ योगायोगाने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाशी काहीच संपर्क ठेवला नाही. दुसऱ्या गटातील ३८९ जणांना पाच वर्षे अधूनमधून छोटे पत्र पाठवले. सुरुवातीला दरमहा, नंतर दोन महिन्यांनी, पुढे तीन महिन्यांनी, अशी एकूण २४ पत्रे. पत्रात सल्ला नसे, भेटीची तारीख नसे की कसली मागणी नसे. तुम्ही येथून गेलात त्याला काही काळ लोटला, तुमचे ठीक चालले असेल अशी आशा आहे, चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल, एवढाच त्याचा आशय असे.

या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण कमी होते आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक स्पष्ट होता. गट योगायोगाने पाडलेले असल्यामुळे वय, आर्थिक स्थिती, आजाराची तीव्रता या सर्व गोष्टी दोन्हीकडे साधारण सारख्याच वाटल्या गेल्या होत्या. म्हणून फरकाचे श्रेय पत्राला देता येते.

विज्ञानात एका प्रयोगावर कोणी विसंबत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे ग्रेगरी कार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७२ रुग्णांवर असाच प्रयोग केला. त्यांनी वर्षभरात आठ पोस्टकार्डे पाठवली. २००५ साली निष्कर्ष आले ते थोडे गुंतागुंतीचे होते. पुन्हा स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही, परंतु अशा घटनांची एकूण संख्या मात्र सुमारे निम्म्यावर आली. पोस्टकार्ड हा रामबाण उपाय नव्हे, असा याचा अर्थ. पण कोणीतरी आपली आठवण ठेवली आहे, या जाणिवेचा परिणाम मोजता येण्याइतका असतो, एवढे या दोन प्रयोगांतून हाती लागते.

पडद्यावरचा डॉक्टर आणि पडद्यामागे कोणीच नाही

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात लोकवस्ती विरळ आणि मानसोपचारतज्ज्ञ थोडे. तेथील ओमाहा या शहरात सेसिल विटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दुतर्फा दूरचित्रवाणीचा वापर करून गटोपचाराचे प्रयोग केले. १९६४ मध्ये त्यांनी नॉरफोक येथील शासकीय मनोरुग्णालय याच पद्धतीने जोडून घेतले. अंतर ११२ मैल, म्हणजे जवळजवळ १८० किलोमीटर होते. रुग्ण तेथे आणि तज्ज्ञ येथे, अशी ही व्यवस्था होती. आज आपण व्हिडिओवर करतो तेच हे काम. फरक इतकाच की त्या वेळच्या यंत्रसामग्रीचा खर्च सामान्य संस्थेला झेपणारा नव्हता.

याच दशकात एक निराळीच गोष्ट घडली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणक आज्ञावली लिहिली आणि १९६६ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. ही आज्ञावली समुपदेशकाची नक्कल करी. तिची युक्ती अगदी साधी होती. आपण टाइप केलेल्या वाक्यातील एखादा शब्द पकडायचा आणि त्याचाच प्रश्न करून परत पाठवायचा. 'मला घरी जावेसे वाटत नाही' असे लिहिले की 'घरी जावेसे का वाटत नाही?' अशा थाटाचे उत्तर येई. तिला अर्थ कळत नव्हता. तरीही लोक तिच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने ही आज्ञावली तयार होताना पाहिली होती. तिनेही ती वापरताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले.

स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांना यात भवितव्य दिसले. एक संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल, असे त्यांना वाटले. वायझेनबाउम यांना मात्र हे पाहून धक्का बसला. ज्या कामाला माणसाची समज आणि जबाबदारी लागते, ते काम यंत्राला करता आले तरी यंत्राकडे देऊ नये, अशी भूमिका त्यांनी १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकात मांडली. हा वाद मिटलेला नाही. २०२३ साली अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने आपली दूरध्वनी सेवा बंद करण्याचे ठरवले. तिच्या जागी पुढे येत असलेला 'टेसा' हा यांत्रिक संवादक अशा रुग्णांना वजन कमी करण्याच्या सूचना देत असल्याचे उघडकीस आले आणि तो तातडीने काढून घ्यावा लागला. ज्यांचा आजारच वजनाच्या भीतीचा, त्यांना असा सल्ला घातक असतो, हे सांगायला नकोच. आजची यंत्रे एलायझाहून कितीतरी समर्थ आहेत. परंतु चुकीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या सामर्थ्याने मिळत नाही.

एझ्राकाकांची पेटी

विद्यार्थ्यांसाठी संगणकाद्वारे चालणारी पहिली संघटित मानसिक सल्लासेवा म्हणून ज्या सेवेचा उल्लेख केला जातो, ती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात सप्टेंबर १९८६ मध्ये सुरू झाली. तिचे नाव 'आस्क अंकल एझ्रा', म्हणजे 'एझ्राकाकांना विचारा'. विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय सेवेचे प्रमुख जेरी फाइस्ट आणि संगणक विभागातील स्टीव्ह वोरोना यांनी ती उभी केली. आजचे इंटरनेट तेव्हा घरोघरी पोहोचलेले नव्हते. विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारातील संगणकावर बसून नाव न देता प्रश्न लिहीत. उत्तरही त्याच संगणक व्यवस्थेवर सर्वांना वाचता येई.

हे एझ्रा म्हणजे विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल. १८४४ साली मोर्सची पहिली तारायंत्राची लाइन टाकण्यात त्यांचा हात होता आणि पुढे तारायंत्राच्या धंद्यातच त्यांनी संपत्ती मिळवली. दूरसंदेशाशी इतके जवळचे नाते असलेल्या माणसाचे नाव या सेवेला मिळावे, हा चांगला योग म्हणायचा.

या पद्धतीचा विशेष असा की, एकाने विचारलेले शेकडोंनी वाचले. पहिल्या सत्रात नापास झालो, माझा कोणी मित्र नाही, घरी काय सांगू, असले प्रश्न आपल्या एकट्यालाच पडत नाहीत हे वाचणाऱ्याला कळते. ज्याने कधीच काही विचारले नसते, त्यालाही थोडा दिलासा मिळतो. कर्व्यांच्या मासिकातील प्रश्नोत्तरे नेमके हेच काम करीत होती.

माणूस पडद्याआड अधिक मोकळेपणाने का बोलतो, याची मीमांसा जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली केली. आपले नाव कळत नाही, आपला चेहरा दिसत नाही, समोरच्याच्या कपाळावरची आठी आपल्याला दिसत नाही, उत्तर लगेच द्यावे लागत नाही आणि पलीकडच्याचा हुद्दा जाणवत नाही, अशी कारणे त्याने सांगितली. मात्र त्याने हेही बजावले की, याच कारणांमुळे माणूस अधिक क्रूरही होऊ शकतो. तोच पडदा एकाला मन उघडू देतो आणि दुसऱ्याला निनावी शिवीगाळ करू देतो.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. नैराश्याची लक्षणे असलेल्या ५२५ जणांचे योगायोगाने तीन गट केले. एका गटाला 'मूडजिम' हा विचारांच्या सवयी तपासायला शिकवणारा संगणकीय पाठ्यक्रम दिला, दुसऱ्याला नैराश्याविषयी शास्त्रीय माहिती देणारी संकेतस्थळावरील पाने वाचायला दिली आणि तिसऱ्याशी दर आठवड्याला दूरध्वनीवरून केवळ जुजबी गप्पा मारल्या. पहिल्या दोन्ही गटांची लक्षणे तिसऱ्यापेक्षा अधिक कमी झाली. नुसती योग्य माहिती मिळाल्यानेही फरक पडला, ही गोष्ट शिक्षकांना उत्साह देणारी आहे. पहिल्या दोन गटांनाही दर आठवड्याला एक माणूस दूरध्वनी करून चौकशी करीत होता, हेही विसरता कामा नये. अशा पाठ्यक्रमांबाबत आतापर्यंत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही की, मागे माणूस नसला तर बहुतेकजण तो अर्ध्यावर सोडतात.

आपल्याकडे

१९८६ साली, म्हणजे एझ्राकाका कॉर्नेलमध्ये उत्तरे देऊ लागले त्याच वर्षी, चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. स्वयंसेवकांनी ऐकायचे, हा वाराह यांचाच मार्ग तिने स्वीकारला. त्या वेळी भारतात शंभर माणसांमागे एकही दूरध्वनी नव्हता. निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलाने बोलायचे तर शेजारच्या घरातून किंवा रस्त्यावरच्या बूथवरून, म्हणजे चार माणसांच्या देखत बोलायला हवे. पश्चिमेत दूरध्वनीने जी एकांताची सोय दिली, ती आपल्याकडे मोबाइल फोन येईपर्यंत बहुतेकांना मिळालीच नाही.

'स्नेहा'च्या कामातील एक धडा वेगळा आहे. नापास विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाते, या भीतीचा आत्महत्यांशी संबंध आहे हे पाहून संस्थेने तामिळनाडूत पुरवणी परीक्षा लगेच घ्यावी असा आग्रह धरला आणि ती पद्धत सुरू झाली. महाराष्ट्रातही दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैमध्ये घेतली जाऊ लागली. म्हणजे ऐकणाऱ्याने केवळ ऐकून थांबू नये. एकाच कारणाने शंभरजण रडत असतील तर ते कारण व्यवस्थेत शोधावे लागते.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. येथे दूरध्वनीवर आणि ई-मेलवर प्रशिक्षित व्यावसायिक समुपदेशक बोलतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, महाविद्यालये बंद झाली आणि जे काम आजवर थोड्या संस्था करीत होत्या ते सर्वांवरच येऊन पडले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. जुलैमध्ये विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम सुरू झाला. समुपदेशकांपुढे तेव्हा एक अडचण नव्याने उभी राहिली. वसतिगृहातील मुले घरी परतली होती आणि दोन खोल्यांच्या घरात घरच्यांविषयीच बोलायचे कसे? कोणी गच्चीवर जाऊन बोलले, कोणी बोलण्याऐवजी लिहिणे पसंत केले. दूरचे समुपदेशन निनावी असू शकते, पण एकांत त्याला आपोआप मिळत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेलि-मानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. बंगळूरची निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. तिची गरज किती आहे हे एका आकड्यावरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते, म्हणजे दररोज ३५हून अधिक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि आधारसेवांचे क्रमांक ठळकपणे लावावेत, हे त्यांत आहे.

अंतराची मर्यादा

या सर्व इतिहासावरून दूरचे समुपदेशन समोरासमोरच्या भेटीची जागा घेऊ शकेल, असा निष्कर्ष कोणी काढू नये. दुरून बोलणाऱ्याला विद्यार्थ्याचे खंगलेले शरीर दिसत नाही, आठवडाभर न बदललेला शर्ट दिसत नाही. त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर तो कोठे आहे हेच ठाऊक नसते. म्हणून चांगले समुपदेशक बोलण्याच्या सुरुवातीलाच विद्यार्थी कोठून बोलत आहे आणि अडचणीत कोणाला बोलवावे हे विचारून ठेवतात. काय गुप्त राहील आणि कोणत्या प्रसंगी गुप्तता मोडावी लागेल, हेही ते आधीच सांगतात. ज्या सेवेत ऐकणाऱ्याची पात्रता सांगितली जात नाही, बोललेले कोठे साठवले जाते हे कळत नाही, ती सेवा कितीही आकर्षक असली तरी विद्यार्थ्याला सुचवू नये.

जे दूरस्थ समुपदेशकाला दिसत नाही, ते शिक्षकाला दिसते. नेहमी पुढे बसणारा मुलगा मागच्या बाकावर गेला, वह्या अपुऱ्या राहू लागल्या, प्रयोगशाळेतील जोडीदाराशी बोलणे थांबले, आवडती वस्तू कोणाला तरी देऊन टाकली, या खुणा वर्गातच टिपता येतात. शिक्षकाने उपचार करायचे नाहीत. बाजूला घेऊन सरळ विचारायचे, मध्ये न बोलता ऐकून घ्यायचे आणि पुढचा दरवाजा दाखवायचा. धोका तातडीचा वाटला तर मुलाला एकटे न सोडता घरच्यांना व डॉक्टरांना कळवायचे.

आणि एक लहानसे काम उद्याच करता येईल. १४४१६ हा क्रमांक मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या फलकावर लावण्याची पद्धत असते. तेथे उभे राहून तो उतरवून घेणाऱ्याकडे दहाजणांचे लक्ष जाते. तो जिन्याच्या वळणावर, ग्रंथालयाच्या कपाटांच्या आतल्या बाजूस आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या अंगाला लावावा. ज्याला तो हवा आहे, त्याला तो उतरवून घेताना कोणी पाहू नये.